मृणालीची वेणी कुणी घालायची

भादव्यापासून नीराबाईच्या पोटात दुखत होतं. ओव्याचं पाणी पिऊन थांबावं असलं ते दुखणंच नव्हतं. धाकट्या जावेच्या, किशोरीच्या, बँकेच्या खात्यात दर महिन्याला तीन हजार रुपये येऊन पडायला लागले आणि त्या महिन्यापासून हे सुरू झालं.

आता कुणी म्हणेल, बाई, तुला काय कमी? स्लॅबचं घर, नवऱ्याची इंजिनाची होडी, अलिबागच्या मासळी बाजारात सासूपासून चालत आलेली बसायची जागा, गळ्यात बोटभर जाडीची साखळी. आणि किशोरीकडे काय? नवरा गेलेला, पत्र्याची एक खोली, आणि पहाटे चारच्या टेम्पोनं कोळंबी सोलायच्या कारखान्यात जाऊन बर्फात बोटं सडवायची. असल्या बाईला देवानं चार पैसे दाखवले तर कुणाचं काय जातं? बरोबर आहे. पण नीराबाईचं जात होतं. काय जात होतं ते कळायला मागचं थोडं सांगायला हवं.

नीराबाईला मूलबाळ नव्हतं. डॉक्टर झाले, नवस झाले, अंगारे-धुपारे झाले, शेवटी एक दिवस तिनं सगळ्या पुड्या समुद्रात टाकल्या आणि 'आता पुरे' म्हणाली. तिचा धाकटा दीर शिवदास चार वर्षांपूर्वी काविळीनं गेला. आठ दिवसांत खेळ खलास. त्याची मुलगी मृणाली तेव्हा तीन वर्षांची. किशोरीला कारखाना धरावा लागला. टेम्पो पहाटे चारला येणार, कोळीवाड्याच्या नाक्यावर दोनदा हॉर्न मारणार आणि थांबायचा नाही. तीन वर्षांचं लेकरू पहाटे चारला कुणाच्या गळ्यात घालायचं?

"आन हिकडं," नीराबाई म्हणाली होती. "माज्या कुशीत काय काटे हायेत?"

पोर झोपेतच तिच्याकडे आली आणि सकाळी उठली ती नीराबाईच्या पोटावर पाय टाकून. मग रोज रात्रीच यायला लागली. मग जेवायलाही इथंच. मग तिचे कपडे इथं, दप्तर इथं, तिचा ताप, तिचा खोकला, तिचे पडलेले दुधाचे दात, सगळं इथंच. वर्षभरात लोक तिला 'नीराबाईची पोर' म्हणायला लागले, आणि नीराबाईनं एकदाही कुणाची चूक सुधारली नाही. किशोरी दुपारी चारला वाकलेली पाठ घेऊन यायची, लेकीला तासभर मांडीवर घ्यायची, तेवढ्यात तिचेच डोळे मिटायचे. मृणाली तिला 'आय' म्हणायची आणि नीराबाईला 'मोठी आय'. त्यातलं 'मोठी' नीराबाईला फार गोड लागायचं.

आणि मग ती संस्था आली. अलिबागेत कुणा मोठ्या लोकांनी काढलेली. लहान मूल पदरी असलेल्या विधवा बायकांना दोन वर्षं दरमहा तीन हजार, थेट खात्यात. कशावर खर्च केले ते कुणी विचारणार नाही. अट एकच, रोजंदारी सोडून कमाईचं दुसरं काही साधन नको. जमीन नको, दुकान नको, होडी नको. फॉर्म भरून घ्यायला माणसं दारोदार फिरली तेव्हा नीराबाई पोट धरून हसली.

"फुकट कोन देतं गो? आज सही घेतील, उद्या तुझी खोली घेतील. मग बस बोंबलत."

पण गणपती गेले आणि पैसे आले. पुढच्या महिन्यात परत आले. कोळीवाड्याचं लक्ष किशोरीवर. आता बाई काय घेते? टीव्ही घेते, का साडी घेते, का माहेरी मिरवायला जाते? शेजारची कृष्णाबाई तर रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून तिच्या खोलीत डोकावून यायची आणि नीराबाईला बातमी द्यायची: काही नाही घेतलं, गॅसची शेगडी तेवढी दिसली.

किशोरीनं काय घेतलं ते तिसऱ्या महिन्यात कळलं. त्या पहाटे टेम्पोचा हॉर्न वाजलाच नाही. चार वर्षांच्या सवयीनं नीराबाईला जाग आली, ती वाट बघत पडून राहिली. टेम्पो नाक्यावरून सरळ निघून गेला. किशोरीनं आदल्या दिवशी ड्रायव्हरला सांगून टाकलं होतं, की मी येत नाही आता. दहा ते तीन बंदरावर जवळा, ती बारीक कोळंबी, निवडायला जाईन, बाकी संस्थेचे पैसे आहेत, दोघींचं भागेल. आणि सहाच्या ठोक्याला बाई हातात फणी घेऊन नीराबाईच्या दारात उभी.

"बाय, तू जा लिलावाला. हिची वेनी मी घालते."

किती साधं वाक्य! नीराबाईला कुणी थोबाडीत मारली असती तरी तिनं सहन केली असती. पण ती करणार काय? तिला सातला निघायचंच होतं. होडीवरून मासळी उचलायची, मोठ्या विक्रम रिक्षात पाट्या चढवायच्या, आठच्या आत बाजारात बसायचं. आजवर काय व्हायचं, ती घाईघाईत पोरीच्या डोक्यावर तेल थापायची, एक वेणी करकचून आवळायची, चहा-चपाती पुढं सरकवायची आणि पळायची. शाळा साडेदहाची. तोवर मृणाली कृष्णाबाईच्या ओट्यावर नाहीतर होड्यांच्या मागं, जिथं खेळ असेल तिथं. ते मधले साडेतीन तास नीराबाईकडे कधीच नव्हते. ते आता किशोरीनं विकत घेतले होते.

त्या दिवशी तिनं बाजारात मुंबईच्या बंगलेवालीशी भांडण काढलं. "घ्यायचं आसंल तर घ्या, न्हायतर हात नका लावू सरंग्याला." बाई निघून गेली. सरंगा दुपारपर्यंत पडून राहिला आणि शेवटी पडेल भावात गेला.

घरी आली तर मृणाली शाळेतून येऊन दारात उभी. दोन वेण्या. बारीक, सारख्या, वर दुमडून लाल रिबिनीची फुलं. पोर मान हलवून हलवून ती फुलं उडवत होती.

"मोठी आय, बघ! बाई म्हनल्या, आज तू शालेत सगल्यात नीट आलीस."

"रोज काय भिकारीन जायचीस का?" नीराबाई म्हणाली. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मग नीराबाईला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा आणखी राग आला. तो राग तिनं किशोरीच्या नावावर टाकला.

तिथून जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. नीराबाईनं अलिबागेहून मृणालीला बूट आणले, पाय टेकला की टाचेत लाल दिवा लागणारे. संध्याकाळभर पोर अंगणात पाय आपटत नाचली. नीराबाई ओट्यावर बसून जग जिंकल्यासारखी बघत होती. रात्री मृणाली म्हणाली, "हे आयला दाखवून येते," आणि गेली ती तासभर आलीच नाही. दुसऱ्या आठवड्यात पापलेट. बाजारात विकलं तर हजार येतील असलं पापलेट तिनं घरी आणलं, मधल्या तुकड्या काढल्या, तांदळाच्या पिठात घोळून कुरकुरीत तळल्या. मृणालीनं एक तुकडी खाल्ली आणि ताट सारलं. "आयनं अंडं करून दिलेलं. पोट भरलंय."

"अंडं!" नीराबाई किंचाळलीच. "धा रुपयाच्या अंड्यानं पोट भरतं का कुनाचं?"

नवरा धर्माजी समोर जेवत होता. हा माणूस दिवसाला मोजून दहा शब्द बोलायचा, त्यातले सहा होडीवर. तो म्हणाला, "भरतं कधी कधी." नीराबाईनं त्याच्याकडे असं बघितलं की उरलेला एक शब्द त्यानं घासाबरोबर गिळून टाकला. पापलेट मांजरानं खाल्लं.

आणि किशोरी स्पर्धेत उतरतच नव्हती हो! तेच तर दुखणं होतं. ती बूट आणत नव्हती, फ्रॉक आणत नव्हती. नुसती पायरीवर बसायची लेकीला घेऊन. नऊपर्यंत पाढे, मग आंघोळ, मग वेणी. वेणी घालताना दोघींचं काय कुजबुजणं चालायचं ते त्यांनाच ठाऊक, पण मध्येच दोघी हसायच्या. नीराबाई एकदा बाजारातून मुद्दाम लवकर परतली ते हे बघायला. कृष्णाबाईच्या कुडाआड उभी राहून बघत होती. किशोरीच्या अंगावर थोडं मांस चढलं होतं. बोटांच्या भेगा भरल्या होत्या. त्या बोटांनी ती केसांचे तीन भाग करत होती, सावकाश, जणू जगात दुसरं काही कामच नाही. नीराबाईनं आपले हात बघितले. मासळीचे खवले नखात, अंगठीच्या कडेला रक्त सुकलेलं.

"तीन हजारात रानी झाली," ती कृष्णाबाईला म्हणाली. "नवरा गेलेल्या बाईनं भर सकाळी दारात बसून दात काढावे का? लाज हाय का?"

कृष्णाबाई तेल ओतण्यात पटाईत. "आता पोर काय तुज्याकडं राहात न्हाय, नीरा. रक्त रक्ताकडं जातं."

ते ऐकून नीराबाई दोन दिवस जेवली नाही. खरं म्हणजे जेवली, पण तिला कसली चव लागली नाही.

माघ महिन्यात किशोरीनं खोलीवर नवा पत्रा टाकला. एक गादी आली. मग एका संध्याकाळी ती आली आणि नीराबाईच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. हातात काही नव्हतं, चेहऱ्यावर काही नव्हतं.

"बाय, शिमग्याला मृणालीला घरी नेते. आता तिकडंच झोपंल."

नीराबाई बोंबील साफ करत होती. विळीवरचा हात थांबला. "कारन?"

"कारन काय? माजी पोर हाय ना."

"चार वरसं कुठं व्हती तुजी पोर?"

"चार वरसं मी कोलंबी सोलत व्हते, बाय."

ती हे भांडायच्या आवाजात म्हणाली असती तर बरं झालं असतं. नीराबाईनं शिव्या दिल्या असत्या, जुनं-नवं काढलं असतं, अख्ख्या आळीला गोळा केलं असतं. पण किशोरी खाली बघत, हळू बोलली आणि वर म्हणाली, "तुजे उपकार हायेत. मी न्हाय कुटं म्हनते? पोर येल जाईल. दोन घरांत अंतर ते किती?" उठताना तिनं आणखी एक गोष्ट सांगितली, अगदी सहज. शनिवारी संस्थेची रुचिकाताई येणार आहे. सहा महिने झाले म्हणून. घरी येईल, शेजाऱ्यापाजाऱ्यांना दोन प्रश्न विचारेल. "तुला पन विचारंल, बाय. बोल काय ते."

झालं. नीराबाईच्या डोक्यात दिवा पेटला. पैसे बंद पडले की टेम्पो पुन्हा चारला येणार. टेम्पो आला की किशोरी पुन्हा बर्फात हात घालणार. आणि पोर कुठं येणार? इथं, पोटावर पाय टाकून. एवढं सोपं होतं. फक्त शनिवारी एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते वाक्य तिच्याकडे चार वर्षांपासून तयार होतं.

ते असं. धर्माजीची होडी म्हणतात ती एकट्या धर्माजीची नव्हतीच. किशोरी या घरात यायच्या आधीच बापानं ती दोघा भावांना मिळून दिली होती, अर्धी याची, अर्धी त्याची. होडीचे वाटे कोळीवाड्यात कागदावर नसतात. जे चार माणसांत बोललं गेलं तोच दस्त. शिवदास गेला, बारावा झाला, आणि त्याच्या वाट्याबद्दल कुणी तोंडच उघडलं नाही. धर्माजीनं एकदा उघडू पाहिलं होतं. नीराबाई म्हणाली होती, "पोर आपून सांभालतो न्हाय? मग वाटा कसला नि फिटा कसला?" धर्माजी गप्प झाला. किशोरी तेव्हा भिंतीला टेकून बसलेली, तिला आपण जिवंत आहोत का नाही तेही कळत नव्हतं. वाट्याचं कोण विचारतो? चार वर्षांत तो शब्द त्या घरात कुणी उच्चारला नाही.

आणि आता नीराबाई तोच शब्द बोलणार होती. होडीत वाटा असलेली बाई निराधार कशी? दिला अर्ज खोटा, केली फसवणूक, करा पैसे बंद. त्या शब्दाला दुसरं टोक आहे हे तिला दिसलं नाही. तिला फक्त टेम्पोचा हॉर्न ऐकू येत होता.

शनिवारी दुपारी रुचिका आली. पंचवीसेक वर्षांची पोरगी, खांद्याला पिशवी, उन्हानं लाल झालेली. तिला घेऊन किशोरी खळ्यावर आली, कारण सगळ्या बायका तिथंच होत्या. मासळी सुकवायचं हे खळं कोळीवाड्याच्या पुढ्यात, समुद्राला लागून. त्या दिवशी सगळीकडे जवळा पसरलेला, वीस-पंचवीस बायका खराटे घेऊन तो उलटसुलट करत होत्या. होड्या नुकत्याच लागल्या होत्या, पुरुष जाळी खांद्यावर घेऊन वर येत होते. नीराबाईनं मनाशी ठरवलं होतं, रुचिकाला बाजूला घेऊन कानात सांगायचं. पण रुचिका आली, जवळ्याच्या कडेला बसली आणि हसून म्हणाली, "किशोरीताईंची तब्येत सुधारलीये ना? आणि मृणाली किती छान दिसते आता! आईच्या हातची वेणी." सगळ्या बायका कौतुकानं हसल्या.

त्या हसण्यानं नीराबाईचा तोल गेला. कानात सांगायचं राहिलं बाजूला, ती उभी राहिली आणि मासळी बाजारात भाव पुकारते त्या आवाजात ओरडली.

"निराधार कसली ती? सांगा तुमच्या सायबाला! आमच्या होडीत अर्धा वाटा हाय तिचा! शिवदासचा अर्धा वाटा! होडीची मालकीन हाय ती, नि तुमी तिला भीक घालताय!"

खराटे थांबले. वीस-पंचवीस बायका, वर येणारे आठ-दहा बाप्ये, सगळे जागच्या जागी. वाऱ्यानं जवळ्याची टरफलं उडत होती तेवढाच काय तो आवाज. नीराबाईला आधी वाटलं, किशोरीची चोरी पकडली म्हणून सगळे गार पडले. मग तिनं कृष्णाबाईकडे बघितलं. कृष्णाबाईच्या तोंडाचा आ झाला होता आणि ती किशोरीकडे बघत नव्हती, नीराबाईकडे बघत होती. मग नीराबाईच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. पण खळ्यावर बोललेलं परत कसं घेणार?

रुचिका गोंधळली. "हे खरं आहे का, किशोरीताई? फॉर्ममध्ये तुम्ही..."

"मला कुनी कधी बोललं न्हाय, ताई," किशोरी म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "आज पयल्यांदा ऐकते मी."

धर्माजी जाळं खाली ठेवून पुढं आला. नीराबाईनं त्याला डोळ्यांनी दटावलं, पण आज तो तिच्या डोळ्यांकडे बघतच नव्हता.

"खरं हाय," तो म्हणाला. "शिवदासचा अर्धा वाटा हाय. माजंच तोंड बांधलेलं व्हतं. बरं झालं हिनंच सोडलं." मग त्याच्या हिशेबानं भलं मोठं भाषण करून टाकलं: "या खेपेपास्नं वाटा किशोरीच्या हातात. सगल्यांनी ऐकलंय."

"ऐकलं," खालून एक म्हातारा म्हणाला. "ऐकलं," दुसरा म्हणाला. तिथंच दस्त झाला.

रुचिकानं वही काढली. ती नियमानं बोलली, पण आवाज मऊ ठेवून. वाटा खरोखर हातात यायला लागला तर पैसे बंद करावे लागतील. दोन महिने चालू ठेवू, मग ते दुसऱ्या कुणा बाईला जातील. किशोरी म्हणाली, "लिवा ताई. जिला न्हाय तिला द्या." म्हणजे बघा, नीराबाईला हवं होतं तेच झालं. तीन हजार बंद झाले. पण त्याच्या जागी अर्धी होडी गेली, आणि टेम्पो आता या जन्मात किशोरीसाठी हॉर्न मारणार नव्हता.

तिला होडीचं काही वाटलं नाही. हे तिचं तिलाच नवल वाटलं. तिच्या डोळ्यांपुढं फक्त तो शिमगा होता, चार दिवसांवर आलेला. ती जवळ्यातून चालत किशोरीसमोर आली. लोक बघत होते तर बघोत.

"घे वाटा," ती म्हणाली. "अर्धा कशाला, अख्खी होडी घे. बाजारातली माजी जागा घे. ही साकली घे." ती खरंच साखळी गळ्यातून काढायला लागली, आणि ती पदरात अडकली. "पोर तेवढी माज्याकडं ऱ्हाऊ दे. किशोरी, पाया पडते तुज्या. मला दुसरं काय हाय गो?"

कोळीवाड्यानं नीराबाईला असं कधी बघितलं नव्हतं. कृष्णाबाईनंसुद्धा मान खाली घातली. किशोरीनं तिचे हात धरले, साखळी पदरातून सोडवली, परत नीट गळ्यात बसवली.

"तुजा राग न्हाय मला, बाय," ती म्हणाली. "वाट्याचं दाबलंस त्याचा पन न्हाय. तू नसतीस तर ही जगली नसती." मग ती एक पाऊल मागं सरली. "पर ती तीन वरसाची असताना तुज्याकडं टाकली ती सात वरसाची झाली गो. मधली मला ठावकीच न्हाय. पयला दात कधी पडला ते तुला म्हाईत, मला न्हाय. आता एक दिवस पन न्हाय देनार मी कुनाला. होडी तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे वाटलं तर. पोर न्हाय."

आजवर नीराबाईला वाटायचं किशोरीनं आपलं काही हिसकावून घेतलं. चार वर्षं किशोरी कुडाआडून काय बघत असेल, टेम्पोत बसून काय विचार करत असेल, हे तिच्या मनात आज पहिल्यांदा आलं. आणि येऊनही काही कमी झालं नाही. पोटातलं दुखणं होतं तिथंच होतं. या बाईकडे आता होडी होती, सकाळ होती आणि पोर होती. नीराबाईला त्यातलं पहिलं नको होतं आणि बाकीचं दोन्ही मिळणार नव्हतं. ती खळ्याच्या कडेला दगडावर बसली आणि उघड्यावर, सगळ्यांसमोर रडायला लागली.

शनिवारची शाळा लवकर सुटलेली. मृणाली होड्यांमागून खेळून आली ती गर्दी बघून आत घुसली. मोठी आय रडतेय हे तिनं कधी बघितलं नव्हतं. ती आधी आईकडे गेली, तिच्या पदराला धरून विचारलं, काय झालं. किशोरी म्हणाली, "काय न्हाय. तू आता आपल्या घरी झोपनार ना, म्हनून मोठ्या आयला वाईट वाटतं. एकटी पडंल ना ती." पोर सरळ रुचिकासमोर जाऊन उभी राहिली. या ताईकडून आपल्या आईला पैसे येतात, आणि आपली आई एकटी म्हणून येतात, हे तिला आईनंच सांगितलेलं होतं; ते आता दुसऱ्या बाईला जाणार हे तिनं गर्दीतून आत येताना बायकांच्या तोंडून ऐकलं होतं.

"ताई," ती म्हणाली, "तुमी आता आयचे पैसे दुसऱ्या बाईला देनार ना? मग मोठ्या आयला द्या की. तिचं पन नाव लिवा. ती पन आता एकटीच हाय."

धर्माजी तिथंच उभा होता, हाताच्या अंतरावर. त्यानं तोंड वळवून समुद्राकडं बघितलं. रुचिकानं वही मिटली. नीराबाईनं पोरीला जवळ ओढलं, तिच्या दोन वेण्यांमध्ये तोंड खुपसलं, आणि किशोरी ते बघत उभी राहिली.